खिल्लाराची शिंगे आणि इंजिनाची चाके

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या एका वर्गमित्राचे मामा इंग्लंडहून आले होते. नोकरीनिमित्त ते लीड्स शहरी असतात. भाच्यासाठी त्यांनी चॉकलेटे आणली, घड्याळ आणले. पण आमच्या मित्राच्या हाती लागले ते त्यांच्या बॅगेच्या तळाशी असलेले एक गुळगुळीत कागदाचे जाडसर पुस्तक. ते होते छोट्या आगगाड्यांचे सूचिपत्र. पुढच्या वर्षभरात बाजारात येऊ घातलेल्या वाफेच्या इंजिनांची चित्रे त्यात पानोपानी होती. खोक्यातून काढावे, रुळावर ठेवावे, कळ दाबावी की धावू लागावे, अशा या तयार गाड्यांना तिकडे 'रेडी टू रन' म्हणतात. प्रत्येक चित्राखाली थोड्याफार फरकाने एकच दवंडी पिटलेली. धुराडे अस्सल मापाचे, रिव्हेट न् रिव्हेट मोजून बसवलेला, पाण्याच्या टाकीवरचा रंग अमुक साली होता तोच. किंमत दीडशे-दोनशे पौंडांच्या पुढे, म्हणजे आपल्याकडील वीस हजार रुपयांच्या घरात किंवा त्याहून वर.

मित्र हरखून गेला. मी मात्र म्हणालो, "अरे, खेळणेच ना शेवटी? धावले म्हणजे झाले. रिव्हेट मोजत बसण्याइतका रिकामा वेळ कोणाला आहे?"

हे वाक्य बोलून गेलो आणि त्याच आठवड्यात मला ते मनोमन मागे घ्यावे लागले. कसे, ते पुढे सांगतो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या माघारीचीच हकीगत आहे असे समजावे.

मित्रहो, प्रतिकृती हा विषय आपल्याला परका नाही. दिवाळी आली की आपल्याकडे घरोघरी मातीचा किल्ला उभा राहतो. पोत्यावर चिखल लिंपायचा, हळीव पेरायचे, माथ्यावर शिवाजी महाराजांना बसवायचे. त्या किल्ल्याचे नाव कोणी विचारले तर आम्ही ठोकून देत असू : सिंहगड. त्या सिंहगडाच्या पायथ्याशी तळे असे, तळ्यात प्लास्टिकचे बदक असे, आणि मावळ्यापेक्षा वाघ लहान असे. कोणाला काही खटकत नसे. अलीकडे किल्ल्यांच्या स्पर्धा होतात आणि त्यांत 'हुबेहूब प्रतिकृती'ला बक्षीस मिळते. आता मुले नकाशा घेऊन बसतात, कल्याण दरवाजा कोठे आणि पुणे दरवाजा कोठे हे विचारतात. त्याच वेळी शहरात प्लास्टरचे तयार किल्लेही विकायला येतात. ते कोणत्याच गडाचे नसतात, नुसते किल्ले असतात. तयार माल आणि हुबेहूबपणा यांचे भांडण पाहायला इंग्लंडला जाण्याची गरज नाही, एवढेच मला सुचवायचे आहे.

पण मला माघार घ्यायला लावली ती किल्ल्याने नव्हे, बैलाने. त्याच आठवड्यात घरी मागल्या बेंदराचे मातीचे बैल फडताळातून खाली काढले होते. आमच्या आजीने त्यातला एक हातात घेतला, उलटापालटा केला आणि बाजूला ठेवला. म्हणाली, "हा कसला बैल? शिंगं बघ की." शिंगे आखूड आणि बाहेर वळलेली होती. खिल्लाराची शिंगे अशी नसतात. ती कपाळापासून मागे जातात आणि मग लांब, टोकदार होत वर येतात. आजीला लिहिता-वाचता येत नाही. 'प्रतिकृती' हा शब्द तिने कधी उच्चारला नसेल. पण चार बोटांच्या मातीच्या बैलात तिला खिल्लारच हवा होता, कोणताही बैल चालणार नव्हता. ज्या जनावराबरोबर आयुष्य गेले, त्याची शिंगे चुकलेली माणसाला सोसत नाहीत. मग ज्या इंजिनाबरोबर कोणाचे आयुष्य गेले, त्याचे धुराडे दोन सूत चुकलेले त्याला का सोसावे?

म्हणून रिव्हेट मोजणाऱ्यांना हसणे मी सोडून दिले. तथापि त्यांच्याशी माझे एक वेगळे भांडण सुरू झाले आहे, आणि ते असे की ही मंडळी रिव्हेट मोजतात आणि रुळ मोजत नाहीत.

थोडे गणित करू. गणिताला कला शाखेच्या विद्यार्थ्याने भिऊ नये, हे गणित बोटांवरचे आहे. युरोप-अमेरिकेत सर्वांत जास्त चालणारे माप 'एच.ओ.'. त्यात खऱ्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरतात, म्हणजे सुमारे सत्त्याऐंशीपट लहान. तिकडच्या मोठ्या रेल्वेच्या दोन रुळांतले अंतर 4 फूट 8½ इंच. ते या मापात साडेसोळा मिलिमीटर भरते. हिशेब चोख. ब्रिटनमध्ये मात्र घोळ झाला. तिथले पूल आणि बोगदे अरुंद, म्हणून इंजिनेही अंगाने बारीक. आणि पहिल्या महायुद्धानंतर या छोट्या गाड्या निघाल्या तेव्हा विजेच्या मोटारी बोजड. साडेतीन मिलिमीटरच्या मापाने केलेल्या इंजिनाच्या पोटात मोटार मावेना. तेव्हा कारखानदारांनी इंजिनाचे अंग फुटाला चार मिलिमीटर या मापाने फुगवले आणि रुळ मात्र साडेसोळा मिलिमीटरचाच ठेवला. याला 'डबल ओ' म्हणतात. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने 1938 मध्ये याच मापाची 'डब्लो' गाडी काढली आणि ती घरोघरी गेली. परिणाम असा की ब्रिटिश इंजिनाच्या प्रतिकृतीत दोन रुळांतले अंतर आजही सात इंचांनी कमी असते. मोटारी पुढे बोटाच्या पेराएवढ्या झाल्या, इंजिनात आवाजाची आणि धुराचीही सोय झाली, पण ते सात इंच तसेच राहिले. कारण आता घरोघर पसरलेले रुळ उखडायचे कोणी? काही हट्टी मंडळी स्वतःच्या हाताने अचूक रुळ टाकतात, पण तयार माल घेणारे ती वाट धरत नाहीत. अस्सल धुराड्याबद्दल पानभर पत्र लिहिणारा गृहस्थ हे सात इंच रोज डोळ्यांसमोर पाहतो आणि त्याला ते दिसत नाहीत. सवयीची चूक चूक वाटत नाही.

आता हेच माप आपल्या आगगाड्यांना लावून पाहा, म्हणजे गंमत कळेल. आपली ब्रॉडगेज साडेपाच फुटांची. चार मिलिमीटरच्या मापात ती 22 मिलिमीटर भरली पाहिजे. डब्ल्यूपी जातीचे ते तोफेच्या गोळ्यासारख्या नाकाचे आणि नाकावर चांदणी असलेले इंजिन कोणी 'डबल ओ' मापात करून साडेसोळा मिलिमीटरच्या रुळावर उभे केले, तर ते साडेसोळा इंचांनी पाय आखडून उभे राहील. धोतर गुडघ्यांत गुंडाळून चालणाऱ्या माणसासारखे. एच.ओ.मध्ये थोडे बरे, तरी तिथेही सव्वाएकोणीसच्या जागी साडेसोळाच. म्हणजे ज्या ब्रॉडगेजचा आपल्याला अभिमान, तिची तयार प्रतिकृती परदेशी रुळावर अचूक होणे शक्यच नाही.

नॅरोगेजचे काय? इथे मला खरोखर आश्चर्याचा धक्का बसला. दौंड–बारामती हा आपला लोहमार्ग 1914 मध्ये सुरू झाला तो अडीच फुटी नॅरोगेजचा. अडीच फूट गुणिले साडेतीन, बरोबर पावणेनऊ मिलिमीटर. आणि न्यूरेंबर्गच्या आर्नोल्ड कंपनीने 1960 च्या दशकाच्या आरंभी आणलेला, आज जगात कोठेही दुकानात मिळणारा 'एन' जातीचा छोटा रुळ नऊ मिलिमीटरचा आहे. फरक पाव मिलिमीटर. खऱ्या मापात एक इंचदेखील नाही! ब्रिटनला जो अचूकपणा शंभर वर्षांत साधला नाही, तो बारामतीच्या गाडीला आयता मिळतो. फुटाला चार मिलिमीटर हे माप घेतले तर मात्र बारामतीला दहा मिलिमीटर लागतात आणि माथेरानच्या दोन फुटी रुळाला आठ. नऊ मिलिमीटरचा रुळ नेमका मध्ये पडतो. एकाला तीन इंच तोकडा, दुसऱ्याला तीन इंच ढगळ. शिंप्याने दोघा भावांसाठी मिळून एकच सदरा बेतावा तसे. पण साडेतीनच्या मापात आपली नॅरोगेज चपखल बसते, हे मी कागदावर तीनदा गुणाकार करून पाहिले.

रुळ तयार आहे, माप जुळते आहे. नाही ते फक्त इंजिन. त्या सूचिपत्रात शेकडो इंजिने होती. त्यांत बारामतीचे नव्हते, बार्शीचे नव्हते, यवतमाळचे नव्हते.

बार्शीचे तरी असायला हवे होते, आणि ते लीड्सच्या मामांच्या बॅगेतून यायला हवे होते, कारण बार्शीची पहिली इंजिने लीड्सचीच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळाची ही गाडी आखली. त्याचा सिद्धांत असा की इंजिन असो, डबा असो वा मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. मग यार्डाला तीस पौंड वजनाचा हलका रुळही पुरतो आणि थोड्या खर्चात जड माल जातो. 1894 मध्ये त्याने लीड्सजवळ न्यूले येथे रुळ टाकून आपले डबे लोकांना दाखवले, आणि 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. त्यासाठी लीड्सच्याच किटसन कंपनीने इंजिने बांधली. त्यांना जोडदांड्याने जोडलेली आठ चाके आणि मागे आणखी चार. आठ चाके कशाला, तर वजन वाटून पाच टनांच्या मर्यादेत ठेवायला. म्हणजे तिथे चाकांची संख्या ही नुसती शोभा नव्हे, तो त्या माणसाचा सगळा विचार आहे. या इंजिनाची प्रतिकृती कोणी सहा चाकांवर उभी केली तर नाव बार्शीचे राहील आणि कॅलथ्रॉप नाहीसा होईल. अचूकपणा कशासाठी असे मला आता कोणी विचारले तर मी हेच उदाहरण देईन. रिव्हेट चुकला तर रिव्हेट चुकतो. चाक चुकले तर विचार चुकतो.

याच कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाचा, असाच अडीच फुटी लोहमार्ग केला. तो 1904 मध्ये उघडला. त्याची दोन इंजिनेही किटसनचीच, कपाळावर आपल्याकडल्यासारखा भला मोठा दिवा लावलेली. डर्बीशायरच्या सरहद्दीवरच्या त्या दरीत बार्शीची धाकटी बहीण नांदत होती म्हणा ना. तो मार्ग 1934 मध्येच बंद पडला. पण त्याच्यावर तिकडे पुस्तके आहेत, नकाशे आहेत, हौशी लोकांनी हाताने केलेल्या प्रतिकृती आहेत. बार्शीची गाडी मात्र त्यानंतर कितीतरी वर्षे धावली. पंढरपूरला गेली, लातूरला गेली, 1927 मध्ये मिरजेला पोचली. लाखो वारकरी तिने वाहिले. तीस वर्षे चाललेल्या मार्गाची आठवण जपली जाते आणि शंभर वर्षे चाललेल्या मार्गाची पुसट होते, याचे उत्तर बाजारात आहे हे खरे, पण केवळ बाजारात नाही.

बाजाराची गोष्ट बाल्डविन इंजिनाने शिकवली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर खंदकांपर्यंत दारूगोळा नेण्यासाठी अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्याने 1916–17 मध्ये ब्रिटिश लष्कराला 495 लहान इंजिने बांधून दिली. युद्ध संपले, इंजिने मोडीत निघाली, त्यांतली काही हिंदुस्थानात आली आणि उसाच्या गाड्या ओढू लागली. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांतली मोजकी इंजिने उत्तर प्रदेशातल्या साखर कारखान्यांतून इंग्लंडला परत गेली. तिकडच्या हौशी मंडळींनी ती पुन्हा चालती केली. आणि 2018 च्या सुमारास बाखमन कंपनीने त्याची चार मिलिमीटर मापातली तयार प्रतिकृती बाजारात आणली, तीही चांगली, बारीक कामाची. लष्करी काळ्या रंगातली निघाली, वेल्सच्या छोट्या रेल्वेच्या रंगातली निघाली. ज्या रूपात त्याने आपल्याकडे ऊस ओढला, ते उसाच्या चिपाडांची राख अंगावर घेतलेले रूप माझ्या पाहण्यात आले नाही. फ्रान्समध्ये ते इंजिन दोन वर्षे होते, इथे कित्येक दशके. कोणत्या आयुष्याशी प्रतिकृती इमान राखते, हाही अचूकपणाचाच प्रश्न नव्हे काय?

हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. 'मुळाबरहुकूम' म्हणताना मूळ कोणते? मराठीच्या विद्यार्थ्याला हे कोडे नवे नाही. नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढेही पाठभेदांनी भरलेल्या प्रती होत्या, आणि पुढे संशोधकांनी नाथांच्या आधीची प्रत कोणती यावर आयुष्ये वेचली. इंजिनाचेही तसेच असते. जगातले सर्वांत प्रसिद्ध इंजिन घ्या, 'फ्लाइंग स्कॉट्समन'. 1923 मध्ये बांधले तेव्हा त्याचा क्रमांक 1472, पुढे 4472, नंतर 60103. 1947 मध्ये त्याचे रूपांतर दुसऱ्या जातीत झाले, पुढे दुहेरी धुराडे आले, 1960 च्या दशकारंभी धूर वर ढकलणारे जर्मन पद्धतीचे पत्रे दोन्ही गालांवर लागले. 1963 मध्ये ते एका हौशी गृहस्थाने विकत घेऊन पुन्हा जुन्या हिरव्या रंगात रंगवले, आणि 2016 मध्ये मोठी दुरुस्ती होऊन बाहेर आले ते क्रमांक 60103 घेऊनच. यांतले खरे कोणते? सगळीच खरी, मात्र एका वेळी एकच. एकाचे धुराडे, दुसऱ्याचा रंग आणि तिसऱ्याचा क्रमांक अशी खिचडी केली की ते कोणत्याच दिवसाचे इंजिन राहत नाही. आणि नेमकी ही खिचडी कारखानदारांना परवडते. साचा एकच करायला अफाट खर्च येतो. मग त्याच साच्यातून पाच रंगांची, पाच क्रमांकांची इंजिने काढली की खर्च भरून येतो. त्या पाचांतल्या दोहोंचे धुराडे वेगळे होते हे चाणाक्ष गिऱ्हाइकालाच कळते. आता जतन केलेल्या इंजिनांना लेसर किरणांनी मोजून संगणकावर हुबेहूब आकृती काढतात, ती फार विश्वासाची मानली जाते. पण मोजले जाते ते आजचे, दहा वेळा दुरुस्त झालेले इंजिन. उत्तम अक्षरात लिहिलेली पोथी शुद्ध असतेच असे नाही.

आपल्या डब्ल्यूपीची तीच कथा. पहिली सोळा 1947 मध्ये अमेरिकेतून आली, पुढे इतर देशांतूनही आली, आणि नंतर आपल्या चित्तरंजनच्या कारखान्यातही ती बांधली गेली. सगळी मिळून 755. प्रत्येक शेडने आपल्या हौसेप्रमाणे तिचे नाक रंगवले, चांदणी काढली. तेव्हा 'डब्ल्यूपीचा रंग' असे काही नसतेच. अमुक शेडच्या, अमुक सालच्या, अमुक क्रमांकाच्या इंजिनाचा रंग असतो. कोणी भारतीय कारखानदार उद्या ही प्रतिकृती काढणार असेल, तर त्याने जाहिरातीत आधी एवढेच लिहावे, की कोणत्या सालचे.

प्रतिकृतीला खोटे बोलावेच लागते, हे मात्र मान्य केले पाहिजे. चाकाची आतली कड मापाप्रमाणे बारीक केली तर ते पहिल्याच सांध्यावर घसरेल, म्हणून ती जाड ठेवतात. टेबलावरची वळणे खऱ्यापेक्षा कितीतरी तीव्र, म्हणून इंजिन आणि डबा यांच्यात जास्त फट ठेवावी लागते. रंगसुद्धा डब्यातून काढून तसाच लावला तर छोट्या वस्तूवर गडद दिसतो. जाणकार त्यात थोडा पांढरा मिसळतात. आमचे एक प्राध्यापक यावर म्हणाले, की हे कादंबरीसारखेच झाले. वास्तवाचा भास व्हावा म्हणून वास्तवात थोडा फरक करावा लागतो. मला ते पटले. पण गाडी धावावी म्हणून केलेला फरक आणि साचा वाचावा म्हणून केलेला फरक यांना एकाच तागडीत घालू नये. आणि तिसरा एक फरक असतो, तो कोणी केलेला नसतो. तो आठवणीच करतात.

त्याचा अनुभव आम्हांला कोऱ्हाळ्याच्या पारावर आला. नऊ मिलिमीटरचा हिशेब जुळल्यावर मित्राच्या डोक्यात शिरले की बारामतीचे इंजिन आपणच करू. आजकाल संगणकावर आकृती काढून यंत्राकडून प्लास्टिकचे भाग छापून घेता येतात; पुण्याला अशी सोय आहे. प्रश्न एवढाच, आकृती कशाची काढायची? तेव्हा आम्ही पारावरच्या दोघा वृद्धांना गाठले. एक तात्या, एक अण्णा. दोघेही ऐंशीच्या पुढचे. विचारले, "तात्या, जुन्या गाडीचं इंजिन कसं होतं?"

तात्या म्हणाले, "लांबलचक. मागं कोळशाची वेगळी गाडी. मोठी चाकं. धडधड आली की फलाट हलायचा."

अण्णा उसळले. "कायतरीच सांगू नका पोरांना! बुटकं इंजिन. डबं एवढुसं. वळणावर पोरं उतरून लघवी करून परत चढायची."

"तुम्ही बसला होता का कधी?"

"बसला होता म्हणजे? वरीसभर पास होता माझा!"

पाऊण तास हे भांडण चालले. शेवटी चहा आल्यावर उलगडा झाला. कोऱ्हाळे बुद्रुक हे नीरा–बारामती रस्त्यावरचे गाव. तात्या तरुणपणी पुण्याला जायचे ते नीरेहून, पुणे–मिरज मार्गाने. आणि तो मार्ग 1970 च्या सुमारास ब्रॉडगेज होईपर्यंत मीटरगेजचा होता. अण्णांचे आजोळ दौंडकडचे, ते बारामतीहून नॅरोगेजने जात. दोघांनी दोन निराळी इंजिने पाहिली होती, आणि पन्नास-साठ वर्षे एकाच पारावर बसून दोघेही ज्याला 'जुनी गाडी' म्हणत होते ती एक गाडी नव्हतीच. दोघेही अचूक होते. आम्ही मात्र घरी जाऊन दोघांचे मिळून एक चित्र काढले असते, तर नीरेच्या बॉयलरला बारामतीची चाके लागली असती, आणि उद्या कोणी त्या चित्रावरून प्रतिकृती केली असती तर तीच खरी ठरली असती. आपल्याकडचा पुष्कळसा इतिहास असाच पारावर बसून तयार झाला असावा अशी मला शंका आहे; पण तो विषय इतिहासाच्या प्राध्यापकांसाठी सोडून देतो.

चाके किती, या प्रश्नावर अण्णाही अडखळले. आधी म्हणाले सहा, मग म्हणाले आठ, मग म्हणाले, "चाकं कोण मोजतंय? जागा धरायची घाई असायची." रोज पाहिलेल्या गोष्टीची चाके कोणी मोजत नाही. ती मोजणारा बाहेरचा असतो, हौशी असतो, लोकांच्या दृष्टीने थोडा वेडगळ असतो. शकुंतला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर गाडीचे इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरला बांधलेले, आणि ते 1994 पर्यंत धावले, हे आपण आज छातीठोकपणे सांगू शकतो. कारण कोणीतरी त्याच्या अंगावरची पितळी पट्टी वाचून ठेवली होती. या वेडगळ माणसांचे आपल्यावर उपकार आहेत, आणि मी त्यांना पहिल्या दिवशी हसलो होतो.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. 1998 पासून ते लोकांसाठी खुले आहे. एका माणसाने हौसेपोटी केवढे नगर वसवले आहे! सिग्नल पडतात, फाटके मिटतात, वाफेच्या इंजिनापासून वेगवान आधुनिक गाड्यांपर्यंत सगळे एच.ओ. मापात धावते, दिवे लागतात, रात्र होते. मी दोनदा पाहिले आणि दोन्ही वेळा माझ्या शेजारची लहान मुले बाहेर यायला तयार नव्हती. तिथले नगर मला बरेचसे पाश्चात्त्य वळणाचे वाटले. आणि तो दोष जोशींच्या माथी मारणे कृतघ्नपणाचे होईल. त्या काळी जे तयार मिळत होते ते तिकडचेच होते. तयार मालाची गंमत अशी की तो आपल्या हौसेला पाय देतो आणि त्याच वेळी दिशाही ठरवतो. खोक्यात जर्मन इंजिन आले की त्याच्याभोवती जर्मन स्थानक उगवते, जर्मन घरे उगवतात. खोक्यात बारामतीचे इंजिन आले असते तर काय उगवले असते? दगडी मोरी, बाभळ, कालव्याचे पाणी, ऊस. फलाटावर धोतरातली माणसे आणि दुधाच्या किटल्या. मला ते पाहायला आवडेल, आणि पाहताना उसाचे पाचट पिवळे आहे की हिरवे, यावरून भांडायलाही आवडेल.

दिल्लीला 1977 पासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे; माथेरानच्या जुन्या चार इंजिनांपैकी एक तिथे आहे. ती चार इंजिने जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची, वळणावर टोकाची चाके थोडी फिरावीत अशा खास आसांची. त्यांतले एक तर इंग्लंडला आहे. ती मोजता येतात, कारण ती उभी आहेत. स्थानकांबाहेर चौथऱ्यांवर ठेवलेली इंजिनेही उभी आहेत, पण त्यांची मला काळजी वाटते. कोणी पाहुणे येणार असले की त्यांना रंग लागतो. चाके लाल, धुराडे चंदेरी, टाकी निळी. दर रंगाबरोबर अंगावरच्या कोरीव अक्षरांची खाच थोडी बुजते. बांधणीचा क्रमांक त्या खाचेतच असतो. मोडक्या इंजिनावरून प्रतिकृती करता येते, गंजक्या इंजिनावरूनही करता येते. आठ थर ऑइलपेंट खाल्लेल्या इंजिनावरून मात्र चुकीचीच होते.

आमच्या मित्राने अखेर मामांना पत्र धाडले. तयार इंजिन नको, त्या पैशात जमल्यास किटसनच्या इंजिनांचे जुने आराखडे कोणत्या ग्रंथालयात पाहायला मिळतात का, याची चौकशी करा, असे त्यात लिहिले. मामांचे उत्तर आले आहे, की चौकशी करतो, पण इंजिनही पाठवतो, कारण आगाऊ पैसे आधीच भरून झाले आहेत. ते पुढच्या वर्षी येईल. आले की पहिल्या दिवशी ते रुळावर ठेवायचे नाही असे आमचे ठरले आहे. आधी पट्टीने मोजायचे. आजीलाही दाखवणार आहोत. तिने ते इंजिन कधी पाहिलेले नाही, तरी ती काहीतरी चूक काढील अशी मला खात्री आहे.